पहिल्या वर्षाची वही कोरीच

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. तोवर नांदेड-लातूरच्या पदव्यांवर औरंगाबादच्या विद्यापीठाचा शिक्का असे. विद्यापीठ जवळ आले, आणि कित्येक घरांतली पहिलीच मुलेमुली वर्गात जाऊन बसली. मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन त्याआधीच, १९९० साली, सोलापूरला भरले होते. मग हा अनुभव आमच्या लेखनात कितीसा उतरला?

आमच्या वाचनातल्या कथांमधला विद्यार्थी एक तर दंगलीत सापडतो, नाहीतर एकदम सुशिक्षित बेकार म्हणूनच भेटतो. मधले पहिले वर्ष गळून जाते. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि आता मराठीतून टिपणे, हजेरीत नाव पुकारताच वळणाऱ्या माना, 'लातूर पॅटर्न'च्या शर्यतीत मागे पडून कला शाखेत आलेल्याचा संकोच, शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून रोज अखेरचा तास बुडवणारी मुलगी. यात रक्त सांडत नाही, म्हणून हा साहित्याचा विषयच नव्हे, असे आम्ही समजलो काय?

आम्ही समाजाचे वकील होऊन लिहीत राहिलो. साक्षीदार व्हायचे राहून गेले. ती वही आता त्या मुलीनेच भरावी. आम्ही मात्र तिच्या दखनी वळणाच्या मराठीवर लाल शाई फिरवू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.