चिनी पात्रांवरील राजनामें व फुलांची साक्ष

चिनी मातीचें पात्र हातीं येतांच तें उलटें करून बुडावरील राजनाम वाचावयाचें व तोच त्याचा काळ धरावयाचा, ही रीत संग्राहकांत फार रूढ आहे. पोथ्या चाळणारांस तिचा दोष निराळा सांगावयास नको. नकलकार मूळ प्रतीची पुष्पिका शकासकट उतरून घेतो, तसाच हा प्रकार आहे. छंग्ह्वा बादशहाची कारकीर्द (१४६५–१४८७) नाजूक कामाविषयीं नांवाजलेली; म्हणून कांगशीच्या अमदानींतील (१६६२–१७२२) कारागिरांनीं आपल्या पुष्कळ पात्रांवर तिचेंच नांव घातलें. यांत कपट असेलही, परंतु पूर्वजांविषयींचा आदर कमी नव्हता. शिवाय १६७७ त जिंगदेझेन येथील अधिकाऱ्यानें पात्रांवर चालू राजनाम लिहिण्यास मनाईच केली होती.

अशा वेळीं फुलांस विचारावें. सोन्यापासून सिद्ध होणारा गुलाबी रंग सुमारें १७२० च्या आधीं चिनी पात्रांवर आढळत नाहीं. त्या रंगाचीं फुलें वर आणि छंग्ह्वाचें नांव खालीं असेल, तर फुलें खरीं व नांव उसनें, हें उघड आहे.

मग लेख सर्वथा त्याज्य मानावा काय? मुळींच नाहीं. ब्रिटिश म्यूझियममध्यें निळ्या चित्रांचे दोन उंच कलश आहेत. त्यांच्या मानेवरील लेखांत केवळ राजनाम नसून दात्याचें नांव, त्याचें गांव, देवालय व दानाचा हेतु हीं सर्व दिलीं आहेत. साल येतें १३५१. हॉब्सन यांनीं १९२९ त हा लेख प्रसिद्ध केला. पुढें जॉन पोप यांनीं इस्तंबूल व अर्दबील येथील संग्रह तपासले, आणि या कलशांवरील कमळवेलींचीं काटेरी पानें व इतर खुणा जेथें जेथें जुळल्या, तीं निनांवी पात्रें चौदाव्या शतकांत नेऊन बसविलीं. एका खऱ्या पुष्पिकेवरून हात ओळखावा व हातावरून बेसाल पोथ्या लावाव्या, तीच ही पद्धति होय. अर्दबीलच्या पात्रांवर कोरलेला शाह अब्बासाचा शिक्का मात्र १६११ च्या दानाचा. पात्र त्यापूर्वींचें, एवढेंच तो सांगतो.

तरी हाताचीही नक्कल होते, हें विसरूं नये. पंधराव्या शतकाच्या आरंभीं निळा रंग पाकळ्यांवर जागजागीं आपोआप सांचून काळसर ठिपके पडत. अठराव्या शतकांतील चिताऱ्यांनीं ते मुद्दाम कुंचल्यानें घातले. भिंग लावून पाहावें: सांचलेला ठिपका वेडावांकडा असतो, घातलेला फार शिस्तीचा.