‘नॉव्हेल’, ‘उपन्यास’ आणि ‘कादंबरी’

एखादी मराठी कृती अद्भुताकडे झुकली की ती खरी कादंबरी नव्हे, केवळ ‘रोमान्स’ होय, असा निवाडा मराठी समीक्षेत वारंवार दिला जातो. ‘नॉव्हेल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रथमपासून निश्चित होता, हे त्यामागील गृहीत. त्या शब्दाचा इतिहास मात्र या गृहीताला आधार देत नाही.

लॅटिनमधील ‘नोव्हुस’ म्हणजे नवा. त्यापासून आलेल्या ‘नोव्हेला’ या इटालियन शब्दात नवी वार्ता, नवलाची हकीकत असा अर्थ होता आणि चौदाव्या शतकातील बोकाचिओच्या कथा त्याच नावाने ओळखल्या गेल्या. सोळाव्या शतकात इंग्रजीने तो उचलला तो अशाच आटोपशीर कथांसाठी. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही ‘नॉव्हेल’ म्हणजे बहुधा प्रेमविषयक अशी छोटी गोष्टच आहे. रिचर्डसन व फील्डिंग यांचे जाडजूड ग्रंथ तोवर वाचकांच्या हाती पडले होते! रोमान्स अद्भुताचा आणि नॉव्हेल समकालीन जीवनाच्या चित्रणाची, ही वाटणी क्लॅरा रीव्ह यांनी १७८५ साली स्पष्ट शब्दांत मांडली. परंतु फ्रेंच भाषेने ती कधी मानली नाही. तेथे दोहोंना ‘रोमाँ’ हाच शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ लॅटिनऐवजी लोकभाषेत केलेली रचना एवढाच. बाल्झाकची वास्तववादी कृतीही फ्रेंच वाचकाच्या लेखी ‘रोमाँ’च होय.

भारतीय भाषांनी या अस्थिर शब्दातून आपापल्या परीने अर्थ काढला. गुजरातीने ‘नवलकथा’ या शब्दात ध्वनी आणि अर्थ दोन्ही साधले. मल्याळमने ‘नॉव्हेल’ तसाच ठेवला. बंगालीने ‘उपन्यास’ पत्करला. भूदेव मुखोपाध्यायांच्या १८५७ च्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. हिंदीतही तोच रुळला. तेलुगू व कन्नड भाषिकाला मात्र ‘उपन्यास’ म्हणताच व्याख्यान आठवते.

मराठीने आणि कन्नडने बाणभट्टाच्या नायिकेचे नाव घेतले. एका गंधर्वकन्येचे विशेषनाम सामान्यनाम झाले, आणि त्याबरोबर शापांची व जन्मजन्मांतरांची एक अद्भुत सृष्टी संज्ञेच्या पोटात आली. म्हणूनच विधवांच्या दैन्याचे चित्र रेखाटणारी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि चमत्कृतींनी भरलेली ‘मुक्तामाला’ (१८६१) या दोघी एकाच नावाखाली सुखाने नांदल्या. ‘मुक्तामाले’तील योगायोग सैल आहेत, पात्रे ठोकळेबाज आहेत, असे म्हणावयाचे तर ते त्या कृतीतूनच दाखवून द्यावे लागेल. ‘ही नॉव्हेल नव्हे’ हा काही पुरावा नव्हे. व्युत्पत्तीने अद्भुताचे मोल वाढत नाही हेही तितकेच खरे. तिच्यामुळे फक्त उसन्या मापाचा धाक कमी होतो.

संज्ञांचा हा वाद संस्कृतालाही नवा नव्हता. बाणाने ‘कादंबरी’ला कथा आणि ‘हर्षचरिता’ला आख्यायिका म्हटले, दंडीने ‘काव्यादर्शा’त ही दोन्ही एकाच जातीची दोन नावे असल्याचे सांगून तो भेद निकालात काढला. इंग्रजीत ‘नॉव्हेल’ लांबत गेल्यावर आटोपशीर कृतीसाठी ‘नोव्हेला’ हा जुना शब्द पुन्हा इटलीतून आणावा लागला. मराठीने त्याची ‘लघुकादंबरी’ केली. बाणाला स्वतःची कादंबरी हयातीत पुरी करता आली नाही, ती पुत्राने पूर्ण केली. तिच्यामागे ‘लघु’ हे विशेषण लागलेले पाहून त्याला मौज वाटली असती.