मोरोपंतांचा आत्मविश्वास

यश कसे मिळवावे हे सांगणाऱ्या पुस्तकांना आपल्याकडे तोटा नाही. दिवाळीच्या खरेदीत एखादे तरी घरी येतेच. ‘स्वतःवर विश्वास ठेवा, स्वतःच्या बुद्धीने चाला’ असे ती बजावतात. पण तसा चालणारा माणूस कसा असतो, हे क्वचितच दाखवतात. तो पाहायचा तर, वाचकहो, बारामतीला कऱ्हेकाठी जावे आणि मोरोपंतांची कविता उघडावी.

बारामती-इंदापूरचा मुलूख आज नीरेच्या कालव्यामुळे उसाने हिरवा दिसतो. पंतांच्या वेळी तो कालवा नव्हता. 1729 साली पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत पराडकर तरुणपणी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस आले, पुराण सांगू लागले आणि 1794 साली तेथेच निवर्तले. पेशव्यांचे पुणे काही दूर नव्हते. तरी त्यांनी बिऱ्हाड हलवले नाही.

ओवी आणि अभंग संतांनी कळसाला नेले होते. श्लोकांत वामनपंडित गाजले होते. मागून येणाऱ्या कवीने काय करावे? पंतांनी संस्कृतातली आर्या उचलली, तीही जशीच्या तशी नाही. त्यांच्या आर्या बहुतांशी गीती या जातीच्या, दोन्ही ओळी तीस-तीस मात्रांच्या. आणि संस्कृतात सहसा नसणारे यमक त्यांनी ओळींच्या शेवटी बांधले. सारे महाभारत त्यांनी या आर्येत आणले. पुढे आर्या म्हटले की पंतच आठवू लागले.

त्यांची रामायणे परंपरा 108 सांगते. प्रत्येकाला काही नवे बंधन. निरोष्ठ रामायणात तर प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरेच वर्ज्य. म्हणजे नियम पाळायचा तर ‘राम’ हे नावही घेता येत नाही! असा पण दुसऱ्या कोणी घालून दिला असता तर ती शिक्षा झाली असती. पंतांनी तो आपणच घातला आणि निभावला.

पण येथे टीकाकाराने गप्प बसू नये. पण जिंकला म्हणजे काव्य जिंकले असे होत नाही. कित्येक ठिकाणी यमकाची हौस भावनेच्या वाटेत आडवी येते, आणि वाचक कवीच्या कसरतीकडे पाहत राहतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त पंतांची बाजू मोठ्या हिरिरीने मांडली, तरी हा आक्षेप पुरता मिटत नाही. आत्मविश्वासाला हा धोका असतोच: जे साधते तेच पुन्हा पुन्हा करून दाखवावेसे वाटते.

म्हणूनच ‘केकावली’ मोलाची. जिने नाव दिले ती आर्या पंतांनी येथे बाजूला ठेवली आणि जवळजवळ सारी रचना पृथ्वी वृत्तात केली. केका म्हणजे मोराचा टाहो. कवीच्या नावावरची ही कोटी, पण तिच्यात आर्तता आहे. इतरांना तारलेस, मग मलाच का नाही, असा तो देवाशी वाद घालतो. स्वतःला दीन म्हणवतो आणि युक्तिवाद मात्र सोडत नाही. नम्रता आणि स्वतंत्र बुद्धी येथे एकत्र नांदतात.

घरातल्या मुलांना या दिवाळीत एवढे सांगावे: आपला नियम आपण घालावा, तो पाळून दाखवावा, आणि ज्याने टाळ्या मिळवून दिल्या तेही, मनातले बोलायची वेळ आली की, खाली ठेवता यावे. बारामतीच्या पंतांना ते साधले.