‘असंतोष’ : एका शब्दाचा विचार

‘तुष्’ धातूपासून ‘संतोष’ आणि त्याच्या नकारातून ‘असंतोष’ हा शब्द सिद्ध झाला. व्हॅलेंटाईन चिरोल यांनी १९१० सालच्या आपल्या ग्रंथात लोकमान्य टिळकांना भारतीय ‘अनरेस्ट’चे जनक म्हटले. त्या शब्दाचा सरळ अर्थ अशांतता. मराठीने मात्र ‘असंतोष’ स्वीकारला आणि दूषणाचे भूषण केले. अशांततेत केवळ खळबळ दिसते, असंतोषात तिचे कारणही सूचित होते. म्हणूनच ही निवड आम्हांला मोलाची वाटते.

आज हा शब्द वृत्तपत्री झाला आहे. ‘असंतुष्ट’ म्हणजे तिकीट न मिळालेला पुढारी! चाकूरच्या बाजारात आपले दुःख सांगताना कोणी हा शब्द वापरणार नाही. आणि जे सांगितले जाते, त्याला ऐकणारा ‘कुरकुर’ म्हणून मोकळा होतो.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या माउलीच्या बोलण्याला कुरकुर म्हणावे काय? निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात माराच्या कडू पाण्यापाशी इस्राएल लोकांनी केली तीही कुरकुरच. तरीही परमेश्वराने ते पाणी गोड केले. शब्द हलका होता, तहान खरी होती. दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला आपण कोणते नाव देतो, यातच आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा आहे.