वंशावळीचे प्रामाण्य : एक विचार

पदवीवरील हक्काच्या समर्थनार्थ वंशावळ पुढे केली जाते, तेव्हा ती काय सांगते याआधी ती केव्हा व कशासाठी लिहिली गेली हे पाहावे लागते. बर्कली घराण्याच्या उमरावपदाचा वाद १८११ साली इंग्लंडच्या सरदारसभेपुढे आला असता न्यायाधीशांनी असा अभिप्राय दिला की, वाद उपस्थित झाल्यानंतर कुटुंबीयांनी केलेली कुलविषयक विधाने पुराव्यात ग्राह्य नाहीत. हितसंबंध जागा झाला की स्मृतीही पक्षपाती होते, हे त्यामागील तत्त्व होय. आपल्या इतिहासातील एका सुपरिचित वादास हीच कसोटी लावून पाहण्याजोगी आहे.

शिवाजी महाराजांना ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यापूर्वी क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला होता. भोसले कुळ मेवाडच्या सिसोदिया राजवंशाची शाखा आहे, हे गागाभट्टांनी मान्य केले व महाराजांचे मौंजीबंधन झाले. ही वंशावळ केवळ त्या प्रसंगासाठी रचली गेली, असे काही अभ्यासक मानतात. परंतु शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त भोसले कुळाचा संबंध याच राणावंशाशी जोडलेला आहे. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले. तेव्हा हा समज राज्याभिषेकाच्या वादाहून जुना ठरतो, आणि ऐन वेळच्या रचनेचा आक्षेप टिकत नाही.

मात्र एवढ्यावरून वंशसंबंधच सिद्ध झाला असे म्हणणारा दुसरा पक्षही घाई करतो. वादापूर्वीचा साक्षीदार निःस्वार्थ असतोच असे नाही. आश्रित कवीला आश्रयदात्याच्या कुळाचा गौरव करावयाचा असतो. मेवाड आणि वेरूळ यांमधील दुवे ज्या फार्सी फर्मानांवर अवलंबून आहेत, ती मुधोळच्या घोरपडे घराण्याकडील. त्यांच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

सारांश, दावा जुना होता काय, तो समकालीनांनी मान्य केला काय आणि तो खरा होता काय, हे तीन वेगळे प्रश्न होत. पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी देता येते. तिसऱ्याचे उपलब्ध साधनांवरून देता येत नाही. त्यामुळे महाराजांच्या थोरवीस उणेपणा येत नाही. वंशावळीने अभिषेकाचा अधिकार दिला. राज्य तिच्यापूर्वीच उभे होते.