‘झटका’ म्हणजे नेमके काय? अतिचलनाच्या संज्ञांची तपासणी

शरीराच्या नको असलेल्या, जास्तीच्या हालचालींसाठी मराठीत कोणते शब्द आहेत आणि ते कितपत कामाचे आहेत, ते इथे पाहू. मनगटावर त्वरणमापक बांधून प्रकल्प करणाऱ्यांनी तर हे वाचावेच.

सर्वांत निरुपयोगी शब्द ‘झटका’. हृदयविकाराचा झटका, विजेचा झटका, अर्धांगाचा झटका, फिटचाही झटका. तुमच्या नोंदतक्त्यात हाच शब्द असेल, तर पुढचे सगळे गणित व्यर्थ.

‘कंप’ मात्र उत्तम. कंप म्हणजे ठरावीक लयीतली हालचाल. पार्किन्सनमध्ये विसावलेला हात साधारण 4 ते 6 हर्ट्झने हलतो आणि वर्णपटात स्पष्ट शिखर दिसते. इथे येलहंकात कानावर पडणारा कन्नड ‘नडुक’ही तितकाच नेमका.

माझी तक्रार आहे ती ‘कंपवात’ या नावाविषयी. या आजाराचे मुख्य लक्षण कंप नाही, मंदावलेली हालचाल आहे. काही रुग्णांचा हात कधीच थरथरत नाही. घरचे मात्र थरथरीची वाट पाहतात. बारीक होत गेलेले अक्षर, चालताना न हलणारा हात हे सारे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात आणि उपचार लांबतात. दोष एकट्या मराठीचा नाही. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 च्या निबंधाच्या नावातच थरथर घातली होती.

‘आक्षेप’ आयुर्वेदात चालतो. आजच्या मराठीत ‘रुग्णाला आक्षेप आला’ असे लिहिले, तर रुग्णाने हरकत घेतली असे वाटेल!

‘कोरिया’ हा शब्द ग्रीकमधून आलेला, अर्थ नृत्य. जॉर्ज हंटिंग्टन यांचा प्रसिद्ध लेख 1872 चा. ही हालचाल एका अवयवातून दुसऱ्यात अनियमितपणे सरकते. तिच्यात ठरावीक वारंवारिता शोधू नका, सापडणार नाही. देशाच्या नावाशी गोंधळ होतो, म्हणून मी ‘नर्तनवत हालचाल’ असे लिहितो. लांबलचक आहे, पण अर्थ कळतो.

मायोक्लोनस, म्हणजे स्नायूचे क्षणिक आकुंचन, याला ‘आचका’ म्हणावे असे सुचते. पण आचके देणे म्हणजे प्राण जाणे, हा अर्थ रुग्णाच्या घरी नको. उचकी आणि झोप लागताना पाय दचकणे हीसुद्धा मायोक्लोनसचीच निरुपद्रवी रूपे आहेत. मग ‘दचका’ का नको?