गवत आधी, दाढा नंतर

उत्क्रांतीच्या पुस्तकांत घोड्यांची ती रांग हमखास असते. एका टोकाला कुत्र्याएवढा, पुढच्या पायांना चार बोटं असलेला प्राणी, दुसऱ्या टोकाला एका खुराचा आजचा घोडा. सोबतची गोष्टही ठरलेली. मायोसीन काळात (2 कोटी 30 लाख ते 53 लाख वर्षांपूर्वी) हवामान थंड होत गेलं, जंगलं आक्रसली, गवताळ मैदानं पसरली. गवतातल्या सिलिकाने दात झिजायला लागले, म्हणून घोड्यांच्या दाढा उंच झाल्या.

गोष्ट सुटसुटीत आहे. माझा आक्षेप आहे तो त्यातल्या 'म्हणून' या शब्दाला.

तो तपासायचा कसा? गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजलं तरी हे कण मातीत टिकतात आणि आकारावरून वनस्पतींचा गट सांगतात. कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग यांनी उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्सच्या खडकांमधले असे कण अभासले. 2006 मधला त्यांचा निष्कर्ष असा: गवताळ भूमी आधी आली, उंच दाढांचे घोडे त्यानंतर निदान 40 लाख वर्षांनी.

थंडीचं वेळापत्रकही जुळत नाही. उंच दाढा दिसू लागतात साधारण 1 कोटी 80 लाख ते 1 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी. मायोसीनमधला थंडीकडचा मोठा उतार मात्र सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधीचा काळ तर चांगलाच उबदार होता!

आणि गवत मुळात किती जुनं? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरांच्या काळातली अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे फायटोलिथ असल्याचं वंदना प्रसाद, अशोक साहनी, स्ट्रॉम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं. म्हणजे गवत उगवणं वेगळं, ते खाल्लं जाणं वेगळं आणि त्याने मैदानं व्यापणं आणखी वेगळं. रांगेतलं चित्र हे तिन्ही एकत्र कालवतं.

पण नव्या उत्तरालाही मोकळं सोडू नये. फायटोलिथ काय उगवत होतं ते सांगतात. घोड्याच्या तोंडात काय गेलं, ते नाही. कदाचित हे घोडे बराच काळ पालाही खात असतील. कदाचित दात झिजवणारी गोष्ट चाऱ्यासोबत पोटात जाणारी माती किंवा ज्वालामुखीची राख असेल. हे दातांवरच्या झिजेतूनच वाचावं लागतं. नाहीतर 'उत्क्रांतीला उशीर झाला' हेही एक सोयीचं वाक्य होऊन बसेल.

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण 'हवामान बदललं तरी प्राणी जुळवून घेतात' हे आजही सहज बोललं जातं, आणि घोड्यासारखी उदाहरणं पुढे केली जातात. ती करताना 40 लाख वर्षांचा हिशेबही द्यावा. वाटेत नाहीशा झालेल्या घोड्यांच्या अनेक शाखांचाही द्यावा. सरळ रांगेत त्या दिसतच नाहीत.

चित्र पुस्तकातून काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली फक्त काळाची पट्टी छापा.